मांस निर्मळ, पण हात मळके : कत्तलीच्या वेळी जंतू येतात कोठून?

शेतकऱ्याच्या घरी ज्वारी आली म्हणजे ती खळ्यावर वाळविली जाते, वाऱ्यावर उफणली जाते आणि कणगीत भरताना तिच्यात कडुलिंबाचा पाला घातला जातो. दुधाची चरवी घासूनपुसून उन्हात पालथी घालण्यात येते. लोणच्याच्या बरणीत ओला हात घालू नये, हे घरातील लहान मुलीसही ठाऊक असते. धान्य, दूध व लोणचे यांची एवढी काळजी वाहणारा आपला ग्रामीण समाज मांसाच्या बाबतीत मात्र बराच उदासीन आहे. वास्तविक या सर्व पदार्थांत मांस हेच सर्वांत लवकर बिघडणारे आणि बिघडले असता सर्वांत अधिक अपाय करणारे अन्न होय.

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी व त्याच्या आसपासच्या गावांतील शेतकरी बंधू-भगिनींना आणि तेथे काम करणाऱ्या ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. यात मुख्यतः डुकराच्या मांसाचा विचार केलेला आहे. जे डुकराचे मांस खात नाहीत, त्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये. डुकराच्या मांसात जंतू ज्या वाटेने शिरतात, त्याच वाटेने ते शेळी-मेंढीच्या व कोंबडीच्या मांसातही शिरतात. वाट ओळखली म्हणजे ती अडविणे सोपे जाते.

वराहपालन : गरिबाचे धन

आपल्याकडे डुक्कर पाळणारी कुटुंबे बहुधा भूमिहीन व कष्टकरी असतात. गाय किंवा म्हैस घेण्याइतके भांडवल ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती हे जनावर लवकर पैसा देते. डुकरीण सुमारे ११४ दिवसांत, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे व तीन दिवसांत विते. नीट सांभाळ केल्यास ती वर्षातून दोनदा विते आणि चांगल्या जातीची डुकरीण एका वेतास आठ-दहा पिले देते. दुसऱ्या व तिसऱ्या पंचवार्षिक योजनांच्या काळात देशात वराहपैदास केंद्रे व त्यांना जोडून मांसप्रक्रियेचे कारखाने निघाले. आपल्या राज्यात असा कारखाना बोरिवली येथे उभारण्यात आला होता. यॉर्कशायरसारख्या सुधारित जातींचा प्रसार याच प्रयत्नांतून झाला. पुढे २०२१ साली राष्ट्रीय पशुधन अभियानाची पुनर्रचना झाली, तेव्हा १०० माद्या व १० नर यांच्या वराहप्रकल्पास भांडवलाच्या निम्मे, पण ३० लाख रुपयांच्या मर्यादेत, अनुदान देण्याची तरतूद त्या योजनेत करण्यात आली.

परंतु जनावर कितीही उत्तम जातीचे असो, ते उघड्या गटारीच्या काठी कापले गेले आणि त्याचे मांस मातीत लोळले, तर पालकाच्या सहा-आठ महिन्यांच्या श्रमांचे मोल एका सकाळीत उतरते. गिऱ्हाईक एकदा आजारी पडले की पुन्हा त्या दुकानी फिरकत नाही. त्याहून मोठी हानी ही, की त्या मांसाने एखाद्या मुलाला जुलाब लागले, तर त्या घरची मजुरी बुडते, दवाखान्याचा खर्च अंगावर येतो आणि प्रसंगी मुलाचा जीवही धोक्यात येतो. म्हणून मांसाची स्वच्छता हा केवळ शहरी शिष्टाचार नाही. गरिबाच्या उत्पन्नाचा व आरोग्याचा तो प्रश्न आहे.

जंतू जनावराच्या कोणत्या भागात असतात?

निरोगी डुकराच्या अंगातील मांस, म्हणजे स्नायू, आतून जवळजवळ जंतुरहित असते. ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने नीट मनात ठसवून घ्यावी, कारण पुढील सर्व उपाय तिच्यावरच उभे आहेत. जंतू असतात ते तीन ठिकाणी : कातडीवर व केसांत, घशातील गाठींत, आणि सर्वांत अधिक आतड्यांत. जनावर जिवंत असेपर्यंत कातडी व आतड्याचे अस्तर या दोन भिंती मांसाचे रक्षण करतात. सुरी फिरली की या भिंती मोडतात आणि मांस उघडे पडते. तेव्हा जंतू मांसात नसतात, ते मांसावर आणले जातात. ते आणणारा बहुधा माणसाचा हात असतो.

या जंतूंपैकी साल्मोनेला हा प्रमुख होय. १८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ या शास्त्रज्ञाने डुकरांच्या आजारासंबंधी संशोधन करीत असताना या गटातील जंतू प्रथम वेगळा केला. त्याचे वरिष्ठ डॅनियल साल्मन हे पशुवैद्य होते आणि त्यांच्याच नावावरून या जंतूंच्या गटास पुढे नाव पडले. ज्याच्या आतड्यात हा जंतू आहे, ते डुक्कर पुष्कळदा धडधाकट दिसते. ते खाते, हिंडते, अंगाने भरते. त्यामुळे केवळ जनावर पाहून ते जंतुमुक्त आहे, असे म्हणता येत नाही. साल्मोनेलाखेरीज एशेरिशिया कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर व यर्सिनिया हेही आतड्यातून अथवा घशातून येतात. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू तर कापणाराच्या नाकातून, गळवातून किंवा बोटाच्या चिघळलेल्या जखमेतून मांसावर उतरतो.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मांसाला घाण वास आला तरच ते अपायकारक, असे आपण समजतो. वास आणणारे जंतू वेगळे आणि रोग आणणारे जंतू बहुधा वेगळे असतात. साल्मोनेलाने भरलेले मांस तांबूस, ताजे व बिनवासाचे दिसू शकते. नाकाची परीक्षा येथे पुरी पडत नाही.

कत्तलीच्या पायऱ्या आणि त्यांतील धोक्याच्या जागा

पहिली पायरी विश्रांतीची. दोरीने बांधून, दुचाकीवर उलटे टाकून आणलेले डुक्कर घाबरलेले व थकलेले असते. अशा अवस्थेत त्याच्या विष्ठेतून जंतू अधिक प्रमाणात बाहेर पडतात, आणि एकाच खुराड्यात कोंडलेल्या दुसऱ्या जनावरांनाही ते लागतात. म्हणून कापण्यापूर्वी जनावरास सावलीत विसावा द्यावा, पिण्यास पाणी भरपूर द्यावे, परंतु १२ ते १८ तास चारा-दाणा देऊ नये. पोट व आतडी रिकामी असली म्हणजे ती काढताना फुटण्याचा संभव कमी होतो. उपास याहून फार लांबविणेही बरे नव्हे, कारण त्याने आतड्याचे अस्तर दुबळे होते व आतील मळ पातळ होऊन सहज सांडतो.

दुसरी पायरी धुण्याची. चिखलाने माखलेले जनावर कापावयास घेऊ नये. आधी ते स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे. कातडीवरील मळ कातडीवरच संपविणे सोपे आहे, मांसावर आलेला मळ काढणे कठीण.

तिसरी पायरी केस काढण्याची. मोठ्या कत्तलखान्यांत रक्त निथळल्यावर डुक्कर सुमारे ६० ते ६२ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात पाच-सहा मिनिटे बुडवितात, केस खरवडतात आणि मग ज्योतीने अंग भाजून घेतात. खेड्यात बहुधा गवत किंवा काटक्या पेटवून त्यावर केस जाळतात. या भाजण्याने कातडीवरचे जंतू फार मोठ्या प्रमाणात मरतात, म्हणजे आपली जुनी रीत या बाबतीत चांगलीच आहे. परंतु पुढे काय होते ते पाहावे. जळलेली काजळी खरवडण्यासाठी तीच केसाळ सुरी घेतात, बादलीतील तेच गढूळ पाणी पुन्हापुन्हा ओततात आणि जनावर त्याच राखेच्या-मातीच्या जागी लोळवितात. अग्नीने केलेले काम घाणेरडे पाणी पाच मिनिटांत वाया घालविते. मोठ्या कारखान्यांतही हाच अनुभव आहे. भाजल्यानंतर अंग घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रात जंतूंची संख्या पुन्हा वाढलेली आढळते. म्हणून भाजण्यानंतरची खरवड स्वच्छ सुरीने व वाहत्या स्वच्छ पाण्यानेच करावी.

चौथी पायरी पोट फाडून आतडी काढण्याची, आणि सर्वांत मोठा धोका येथेच आहे. येथे दोन गाठी लक्षात ठेवाव्यात. गुदद्वाराभोवतीचा भाग गोल कापून मोकळा करावा, त्यावर प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी चढवून सुतळीने घट्ट गाठ मारावी, ही पहिली गाठ. अन्ननलिका जठराजवळ सुतळीने बांधावी, ही दुसरी गाठ. धान्याच्या पोत्याचे तोंड न बांधता ते बैलगाडीत कोणी टाकीत नाही, येथे तर पोते मळाचे आहे. पोट उघडताना सुरीचे टोक बाहेरच्या बाजूस ठेवावे, म्हणजे आतडे फुटत नाही. मूत्राशय व पित्ताशयही न फोडता काढावे. आतडी, जठर व इतर अवयव वेगळ्या भांड्यात घेऊन लगेच दूर न्यावीत. त्यांची साफसफाई मांसाच्या जवळ, त्याच ओट्यावर कधीही करू नये.

इतकी काळजी घेऊनही मळ मांसावर सांडलाच, तर काय करावे? बहुतेक जण चटकन फडक्याने पुसतात किंवा तांब्याभर पाणी ओततात. दोन्ही उपाय उलटे पडतात. ओले फडके बोटभर जागेवरची घाण वीतभर जागेवर नेते, आणि ओतलेले पाणी ती खालपर्यंत पोचविते. मळ लागलेला तेवढा भाग सुरीने पातळ कापून टाकून द्यावा आणि सुरी लगेच उकळत्या पाण्यात बुडवावी. दोन-चार तोळे मांस जाईल, परंतु उरलेले सगळे वाचेल.

पाचवी पायरी डोके वेगळे करण्याची. घशातील गाठींत जंतू असतात हे वर सांगितले आहे. म्हणून डोके व जीभ हाताळलेली सुरी तशीच मांडीच्या मांसाकडे नेऊ नये.

दोन सुऱ्या आणि एक उकळते भांडे

आधुनिक कत्तलखान्यात सुऱ्या निर्जंतुक करण्यासाठी ८२ अंश सेल्सिअस उष्णतेचे पाणी सतत तयार असते. आपल्या गावी तसे यंत्र नाही, पण चूल आहे. कापणाराने दोन सुऱ्या बाळगाव्यात. चुलीवर उकळत्या पाण्याचे पातेले ठेवून एक सुरी त्यात बुडालेली असावी व दुसरी हातात असावी. कातडीचे काम संपले की सुरी बदलावी, आतड्यांचे काम संपले की सुरी बदलावी, एक जनावर संपले की सुरी बदलावी. सत्तूर, आकडे व कानस यांनाही हाच नियम लागू आहे. एवढ्याने जंतूंची एका जागेहून दुसरीकडे होणारी ने-आण पुष्कळच थांबते. खर्च काय तो एका सुरीचा आणि थोड्या सरपणाचा.

लाकडाच्या ओंडक्यावर सत्तुराचे घाव पडून भेगा पडतात. त्या भेगांत मांसाचे कण व चरबी बसते आणि तेथे जंतूंची वस्ती होते. असा ओंडका रोज संध्याकाळी ताठ कुंच्याने खरवडून, साबण व गरम पाण्याने धुऊन, मीठ चोळून उन्हात उभा करावा, आणि भेगा खोल झाल्या की रंधून अथवा वरचा थर कापून घ्यावा.

चार तासांचा हिशेब

जंतू दोन भागांत फुटून वाढतो. ऊब, ओल व अन्न ही तिन्ही मिळाली, तर काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. ताज्या मांसात ही तिन्ही असतात. एका जंतूचे एका तासात ८ होतात, चार तासांत ४,०९६ आणि सहा तासांत २,६२,१४४. सकाळी सहा वाजता कापलेले मांस दुपारी दोनपर्यंत टांगून ठेवले, तर अनुकूल स्थितीत एकाचे दीड कोटीहून अधिक होऊ शकतात. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाचा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

साल्मोनेलास माणसाच्या अंगाइतकी, म्हणजे सुमारे ३७ अंशांची, ऊब सर्वांत मानवते. मराठवाड्यात चैत्र-वैशाखाच्या दुपारी सावलीतील हवाही इतकी तापते. परदेशांत कापलेले डुक्कर थंड खोलीत नेऊन मांसाच्या गाभ्यापर्यंत ७ अंशांखाली उतरविण्याचा नियम आहे. ज्या गावी शीतगृह नाही, त्या गावी घड्याळ हेच शीतगृह समजावे. पहाटे कापावे, सकाळी विकावे, दुपारपूर्वी शिजवावे. मांस सावलीत, वाऱ्यावर, जाळीच्या कपाटात टांगावे, एकावर एक रचू नये, कारण ढिगाच्या आत ऊब कोंडते. फ्रिज असल्यास त्यात मांस ठेवावे, परंतु फ्रिज जंतूंना मारीत नाही, फक्त त्यांची वाढ मंदावतो. यर्सिनिया व लिस्टेरिया हे जंतू तर थंडीतही हळूहळू वाढतात.

शीतगृहे नव्हती तेव्हा लोकांनी मांस टिकविण्याच्या युक्त्या काढल्या होत्या. गोव्यातील ख्रिस्ती घरांत डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, व्हिनेगर व मिरची-मसाल्यात मुरवून, आतड्यात भरून, उन्हात अथवा धुरावर वाळवितात. त्यास तेथे चोरिस म्हणतात. मीठ पाणी शोषून घेते, व्हिनेगर आंबटपणा आणते, धूर व ऊन कोरडेपणा देतात. जंतूंची ओल व अनुकूलता हिरावून घेण्याचाच हा प्रकार आहे. मात्र मुळात घाणेरडे असलेले मांस मिठाने पवित्र होत नाही, हे विसरू नये.

पंगतीची कढई

लग्नकार्य, जत्रा किंवा नवसाच्या निमित्ताने मोठ्या कढईत मांस शिजते. नीट शिजवलेल्या मांसातील बहुतेक रोगजंतू मरतात. तुकडे लहान असावेत, झाकण ठेवून खळखळून उकळावे, आणि आतील भाग तांबडा राहू नये. गाभ्यात ७० अंशांहून अधिक उष्णता दोन मिनिटे टिकली, तर साल्मोनेला जगत नाही.

परंतु पंगतीत धोका बहुधा शिजविण्याच्या वेळी येत नाही, त्यानंतर येतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूची बीजे उकळण्यानेही मरत नाहीत. रात्री शिजवलेली मोठी कढई झाकून तशीच सोडली, तर तिचा गाभा पहाटेपर्यंत कोमट राहतो, ती बीजे अंकुरतात आणि दुसऱ्या दिवशी जेवणाऱ्यांस पोटदुखी व जुलाब होतात. दुसरे उदाहरण स्टॅफिलोकॉकसचे. हा जंतू अन्नात विष तयार करतो आणि ते विष पुन्हा उकळल्यानेही नाहीसे होत नाही. तेव्हा पंगतीचे मांस त्याच वेळी वाढावे. ठेवणे भागच असेल, तर पसरट ताटांत लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवावे आणि वाढण्यापूर्वी पुन्हा खळखळून उकळावे.

कच्चे व शिजलेले यांची भेट होऊ देऊ नये. १९९६ साली स्कॉटलंडमधील विशॉ या गावी एका मांसविक्रेत्याच्या दुकानातून पुरविलेल्या शिजवलेल्या मांसामुळे एशेरिशिया कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ पसरली आणि अनेक वृद्ध माणसे दगावली. कच्च्या मांसावरचे जंतू शिजलेल्या मांसावर गेले होते. त्या दुकानात वीज होती, शीतपेट्या होत्या, सारी साधने होती. साधने असूनही शिस्त नसली तर काय होते, याचा हा दाखला आहे. आपल्या घरी ज्या पाटावर कच्चे मांस कापले, त्याच पाटावर न धुता कांदा-कोथिंबीर चिरणे हीच चूक लहान प्रमाणावर होय.

कापणाराचे आरोग्य

ज्याला जुलाब लागले आहेत, ज्याच्या हातावर पिकलेले गळू आहे, त्याने त्या दिवशी मांसाला हात लावू नये. शौचाहून आल्यावर, नाक शिंकरल्यावर, पैसे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. विडी-तंबाखू त्या जागी वर्ज्य करावी. कापणाराचाही जीव जपला पाहिजे. डुकराच्या मांसातून बोटाच्या जखमेवाटे काही रोग माणसास होतात. म्हणून जखमेवर पट्टी व त्यावर रबरी हातमोजा असावा.

मेलेले अथवा आजारी जनावर कापू नये. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर ते काळपुळीचे असू शकते. अशा जनावरास सुरी लावू नये. तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. आजारी जनावरास औषधे दिली असतील, तर औषधाचा अंश अंगातून जाईपर्यंत ते कापू नये. त्याची मुदत पशुवैद्यास विचारावी. जनावरे लवकर वाढावीत म्हणून जंतुनाशक औषधे खाद्यात घालण्याची चाल तर अगदी टाकून द्यावी, कारण तिच्यामुळे औषधांना न जुमानणारे जंतू निपजतात. कोलिस्टिन हे शेवटच्या आधाराचे औषध अन्न देणाऱ्या जनावरांसाठी वापरण्यास केंद्र सरकारने २०१९ साली याच कारणाने बंदी घातली.

जंतूंच्या जोडीने एका कृमीचाही उल्लेख केला पाहिजे. उघड्यावर शौच करण्याची चाल जेथे आहे आणि डुकरे जेथे मोकाट हिंडतात, तेथे डुकराच्या मांसात तांदळाच्या दाण्यासारख्या पांढऱ्या गाठी आढळतात. ही पट्टकृमीची पिले होत. असे मांस विकू नये. या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून भाजीपाल्यावर व पाण्यात जातात आणि ज्याने जन्मात मांस खाल्ले नाही, त्याच्याही मेंदूत गाठी होऊन त्यास झटके येऊ शकतात. शौचालयाचा वापर आणि डुकरे बंदिस्त ठेवणे ही म्हणूनच साऱ्या गावाची गरज आहे.

गावाने काय करावे?

मुंबईत १९७१ साली सुरू झालेल्या देवनार कत्तलखान्यात डुकरांसाठी स्वतंत्र विभाग आहे. खेड्यास तेवढी व्यवस्था परवडणार नाही, आणि तिची गरजही नाही. ग्रामपंचायतीने मनावर घेतल्यास पुढील गोष्टी थोड्या खर्चात होतील. वस्ती, विहीर व ओढा यांपासून दूर सिमेंटचा उताराचा ओटा बांधावा. त्यावर जनावर टांगण्यासाठी लोखंडी आडवा व आकडे असावेत, म्हणजे मांस जमिनीस टेकणार नाही. धड टांगून काम केल्याने निम्मी घाण आपोआप टळते. पाण्याची झाकलेली टाकी व तोटी असावी आणि पाणी ब्लीचिंग पावडरने शुद्ध केलेले असावे. रक्त व टाकाऊ भाग यांसाठी झाकणाचा खोल खड्डा असावा. कुत्री, कावळे व माश्या येऊ नयेत म्हणून भोवती जाळी असावी.

कायद्याचाही आधार आहे. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ साली संमत झाला आणि त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले. त्या नियमांत लहान कत्तल करणाऱ्यांसाठी, म्हणजे दिवसाला दोन मोठी, दहा लहान जनावरे किंवा पन्नास कोंबड्या एवढ्या मर्यादेपर्यंत, साधी नोंदणी सांगितली आहे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने हा कायदा दंडुक्यासारखा उगारू नये. अर्ज भरण्यास मदत करावी, ओट्यासाठी ग्रामसभेत विषय मांडावा आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांची भेट ठरवावी. जो माणूस पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतो, त्याच्या हातात कसब आहेच. त्यास मान देऊन शिकविले, तर तो लवकर शिकतो आणि दुसऱ्यास शिकवितो.

दोन प्रात्यक्षिके

व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिक अधिक बोलते. पहिले प्रात्यक्षिक रंगाचे. कापणाराच्या तळहातास कपड्याची ओली नीळ चोळावी आणि त्यास नेहमीसारखे काम करण्यास सांगावे. मांसाच्या जागी सोललेला पांढरा भोपळा ठेवावा. पाच मिनिटांत निळा रंग सुरीच्या मुठीवर, ओंडक्यावर, फडक्यावर, तराजूवर, नोटांवर आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या पिशवीवर दिसेल. जंतू असेच प्रवास करतात, फक्त त्यांना रंग नसतो. ज्या गावाच्या नावातच रंगारी आहे, तेथे हे समजावणे अवघड जाऊ नये. रंगाऱ्याच्या हौदात एक थेंब पडला तरी सारे पाणी रंगते, हे कोण जाणत नाही?

दुसरे प्रात्यक्षिक रश्शाचे. मांसाचा पातळ रस्सा गाळून, उकळलेल्या दोन काचेच्या बाटल्यांत गरम असतानाच भरावा व झाकणे लावावीत. निवल्यावर एका बाटलीत न धुतलेले बोट बुडवावे आणि पुन्हा झाकण लावावे. दुसरी बाटली उघडू नये. दुसऱ्या दिवशी बोट लागलेल्या बाटलीतील रस्सा गढूळ झालेला दिसेल. तो कोणी चाखू नये, उकळून खड्ड्यात ओतावा.

आजार झालाच तर

जेवल्यावर एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू झाल्या, तर स्टॅफिलोकॉकसच्या विषाचा संशय घ्यावा. सहा तास ते तीन दिवसांत ताप, पोटात कळा व जुलाब आले, तर साल्मोनेलाचा. रोग्यास उपाशी-तहानेला ठेवू नये. उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडेथोडे पाजीत राहावे. तान्हे मूल, गरोदर स्त्री व वृद्ध यांस, तसेच शौचात रक्त दिसल्यास किंवा लघवी बंद झाल्यास, विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. एकाच पंगतीतील अनेक माणसे आजारी पडल्यास उरलेले अन्न फेकून देऊ नये. ते झाकून ठेवावे आणि आरोग्य कर्मचाऱ्यास दाखवावे, म्हणजे कारण सापडेल व पुढची पंगत वाचेल.

शेतकरी बंधू-भगिनींनो, वरील उपायांत एकही असा नाही की ज्यासाठी परदेशी यंत्र लागेल. दोन सुऱ्या, दोन गाठी, एक उकळते पातेले, एक उताराचा ओटा आणि घड्याळाकडे लक्ष, एवढेच हे भांडवल. ज्या काळजीने आपण कणगीत पाला घालतो, तीच काळजी पहाटेच्या त्या ओट्यावर पोचली, तर वराहपालकाच्या मालास चांगला भाव मिळेल, कापणाराच्या कसबास मान मिळेल, आणि त्या दिवशी ज्या घरी चुलीवर मांस शिजेल, त्या घरचे मूल जेवून सुखाने झोपेल.